रेवाल चाल बघा, पण घोडा घ्या दम बघून

रेवाल म्हणजे बसणाऱ्याला गचके न देणारी घोड्याची चाल, आणि असा चालीचा घोडा विकणाऱ्यांचा एक ठरलेला खेळ आहे. मालक घोड्यावर मांड ठोकतो, एका हातात काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला धरतो आणि गर्दीतून शंभर-दोनशे मीटरचा फेरा मारून येतो. पेल्यातला थेंब सांडत नाही. बघणारे शिट्ट्या मारतात, आणि कोल्हापूरहून गेलेला गडी असेल तर त्याच्या तोंडून 'नाद खुळा!' आपोआप निघतं. सौदा तिथंच निम्मा झालेला असतो.

पेल्यानं सांगितलं ते खोटं नसतं. बसणाऱ्याला गचके बसणार नाहीत, एवढं त्यानं खरंच सिद्ध केलं. पण त्या घोड्यावर बसून चाळीस, साठ, ऐंशी किलोमीटर जायचं असेल तर बसणाऱ्याचं सुख हा हिशोबातला लहान भाग आहे. मोठा भाग घोड्याच्या छातीत, खुरांत आणि पाठीत असतो, आणि तो दोनशे मीटरमध्ये दिसत नाही. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे हौसेनं घोडा ठेवणारी पोरं वाढलीत आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना लांब पल्ल्याच्या रपेटीचं वेड लागलंय. त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर.

पल्ल्याची स्पर्धा म्हणजे नेमकं काय

आपल्या भागात शर्यत म्हटली की बैलगाडी नाहीतर घोडागाडी. काही मिनिटांचा मामला, जो पुढं तो जिंकला. एंड्युरन्सचं, म्हणजे लांब पल्ल्याच्या घोड्यांच्या स्पर्धेचं, गणित वेगळं आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९५५ साली वेंडेल रोबी नावाच्या गृहस्थानं, आजच्या काळातही घोडा एका दिवसात शंभर मैल जाऊ शकतो हे दाखवायला, सिएरा नेवाडाच्या डोंगरातून ऑबर्न गावापर्यंत रपेट काढली. तीच पुढं टेव्हिस कप म्हणून नावारूपाला आली. शंभर मैल, म्हणजे १६० किलोमीटर, चोवीस तासांच्या आत. त्या देशातल्या एंड्युरन्सवाल्यांचं ब्रीदच आहे की पूर्ण करणं हेच जिंकणं.

वाटेत ठरावीक टप्प्यांवर पशुवैद्य उभे असतात. घोडा आला की ठरलेल्या वेळात त्याचे हृदयाचे ठोके खाली यावे लागतात, साधारणपणे मिनिटाला ६४ किंवा त्याहून कमी. मग डॉक्टर घोड्याला हातात धरून पळवायला लावतात, लंगडतो का बघतात, कातडी चिमटीत धरून पाणी किती कमी झालंय त्याचा अंदाज घेतात, हिरड्यांचा रंग बघतात, पोटाला स्टेथोस्कोप लावून आतडी चालू आहेत का ऐकतात. यांतलं एक जरी बिघडलं तरी घोडा बाहेर, मग तो सगळ्यांच्या पुढं का असेना. भारतातल्या स्पर्धांत नवख्याला २० किंवा ४० किलोमीटरपासून सुरुवात करता येते, पण तपासणीचं तत्त्व हेच.

म्हणजे जो घोडा पळतो तो नव्हे, जो पळून लवकर थंड होतो तो आपल्याला हवा. पुढं जे काही सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

चार टापा, चार आवाज

साधा घोडा दुडकी धावतो तेव्हा पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकत्र पडतात, मग उलट जोडी. मध्ये एक क्षण असा येतो की चारही पाय हवेत असतात. तिथून तो खाली आला की पाठीवरचा माणूस उडतो. म्हणून दुडकीत रिकिबीवर उठबस करावी लागते, आणि नवख्याची कंबर दहा किलोमीटरला बोलायला लागते.

चालीचा घोडा ही मधली उडीच गाळतो. त्याचे चार पाय एकामागोमाग एक, स्वतंत्रपणे पडतात आणि एक तरी पाय कायम जमिनीवर असतो. पाठ वरखाली होत नाही. मारवाडी, काठियावाडी आणि कच्छी-सिंधी घोड्यांत दिसणारी रेवाल याच घराण्यातली. आइसलँडच्या घोड्याची टोल्ट, टेनेसीची रनिंग वॉक, मिसूरीची फॉक्सट्रॉट, पेरूच्या पासो घोड्याची चाल, या सगळ्या तिच्या बहिणी.

ही चाल बरीचशी रक्तात असते. २०१२ साली स्वीडनमधल्या उप्सालाच्या संशोधकांनी डीएमआरटी-३ नावाच्या जनुकातला एक बदल शोधून काढला. पाठीच्या कण्यातल्या ज्या पेशी पायांचा ताल आणि डाव्या-उजव्याचा मेळ ठरवतात, त्यांचं काम या बदलानं वेगळं होतं आणि घोड्याला नेहमीच्या दुडकीखेरीज दुसऱ्या चाली जमतात. चालीचं सगळं गणित या एका जनुकात नाही, शिकवणीचाही वाटा आहे. पण जन्मजात चाल आणि मारूनमुटकून बसवलेली चाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं तरी त्यावरून कळतं.

आता बाजारातली गोम. 'रेवाल' या एका नावाखाली दोन वेगळ्या चाली विकल्या जातात. एकीत चार आवाज समान अंतरानं येतात. दुसरीत डाव्या बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकत्र आणि मग उजव्या बाजूचे दोन्ही. ही पेसच्या अंगानं जाणारी चाल. सरळ डांबरी रस्त्यावर ती झक्कास दिसते, वेगही चांगला निघतो. पण पूर्ण पेसमध्ये गेलेल्या घोड्याचा तोल एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर झुलत असतो. मसाई पठाराच्या जांभ्या दगडात किंवा जोतिबाच्या मागच्या उताराच्या पायवाटेवर त्याला पाय टाकायला जागा निवडावी लागली की तो अडखळतो. बसणाऱ्याचीही कंबर आडवी हलत राहते, आणि चार तासांनी ते दुडकीपेक्षा वाईट.

ओळखायला सोपं आहे. कठीण जमिनीवर घोडा समोरून न्यायला सांगा आणि डोळे मिटा. टप-टप-टप-टप असा सारखा ठेका आला तर उत्तम. टटप्, टटप् अशी जोड्याजोड्यांनी आली तर ती पेसकडे झुकलेली आहे. थोडी झुकलेली चालते. पूर्ण पेस असेल तर पल्ल्यासाठी मी तरी दुसरा घोडा बघेन.

वेगाबद्दल एक जुना प्रयोग फार उपयोगाचा आहे. १९८१ साली हॉइट आणि टेलर या शास्त्रज्ञांनी लहान चणीच्या घोड्यांना ट्रेडमिलवर चालवून ते किती ऑक्सिजन वापरतात हे मोजलं. प्रत्येक चालीला एक असा वेग निघाला, जिथं किलोमीटरमागं खर्च सगळ्यात कमी. आणि गंमत म्हणजे घोड्यांना त्यांच्या मर्जीवर सोडलं की ते नेमके त्याच वेगाजवळ राहत. त्या वेगापेक्षा दामटलं की खर्च चढतो.

हे खरेदीत कसं वापरायचं? ऐंशी किलोमीटर तासाला बाराच्या सरासरीनं गेलात तरी पावणेसात तास लागतात. म्हणजे तुम्हाला असा घोडा हवा की ज्याची आपसूक, लगाम ढिला सोडल्यावरची रेवाल तासाला बारा ते पंधराच्या आसपास आहे. बाजारात तोच घोडा तीसच्या वेगानं दाखवतील. तो वेग विसरा. मोबाइलवर वेग दाखवणारं ॲप लावा, लगाम सैल करा आणि घोडा स्वतः कुठं स्थिरावतो ते बघा. सैल लगामावर चाल मोडून तो कदमावर, म्हणजे साध्या चालण्यावर, आला किंवा दुडकी धरली, तर ती चाल त्याची नव्हती, वर बसलेल्याच्या हाताची होती.

आणखी एक. फक्त रेवालच येणारा घोडा मला पल्ल्यासाठी अपुरा वाटतो. तासन्‌तास एकाच चालीत तेच स्नायू, तेच सांधे राबत राहतात. कदम मोकळा टाकणारा, चढावर दुडकी किंवा थोडी दौड घेणारा आणि सपाटीला रेवाल धरणारा घोडा स्नायूंना आळीपाळीनं विसावा देतो.

नाव, रंग, भोवरा

जातीबद्दल बाजारात जितकं बोललं जातं तितकं इथं बोलायची गरज नाही. मारवाडी आणि काठियावाडी वाळवंटी, कोरड्या मुलखातले, खूर कठीण, पाणी-चाऱ्याला काटक. कच्छी-सिंधी रेवालसाठीच प्रसिद्ध, पाठ आखूड, उन्हाला चिवट. जगभरच्या एंड्युरन्समध्ये अरबी रक्ताचा दबदबा आहे, त्याला चाल नसते पण दम अफाट असतो.

आणि आपला भीमथडी. भीमेच्या खोऱ्यातलं हे ठेंगणं तट्टू. मराठ्यांच्या फौजेचा वेग ज्या दख्खनी घोड्यांवर उभा होता त्यांच्यातलं. शिलेदार आपला घोडा घेऊन यायचा, बारगिराला पागेतला मिळायचा, पण दोघांच्याही खाली बहुधा अशीच काटक जनावरं असत. आज धनगरांच्या वाड्यांबरोबर बिऱ्हाड पाठीवर घेऊन मैलोन्‌मैल चालणारी तट्टं बघा, तीच ही. करनालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं अलीकडे त्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. बसणारा हलका असेल, तर चालीचा हट्ट सोडून याचा विचार करण्यासारखा आहे. बाजारात त्याला कुणी वळून बघत नाही, हे गिऱ्हाइकाच्या पथ्यावरच पडतं.

किंमत चढते ती कशानं? उंचीनं, कानांची टोकं जुळण्यानं, नुकरा-अबलख रंगानं, पंचकल्याणी, म्हणजे चार पाय आणि तोंड पांढरं असण्यानं, मानेवरच्या देवमणी नावाच्या केसांच्या भोवऱ्यानं. डोळ्याखाली भोवरा असला की अशुभ म्हणून भाव पडतो. ज्याची जी श्रद्धा. पण ऐंशी किलोमीटरला भोवऱ्याचा काही उपयोग नाही आणि त्रासही नाही, आणि 'खोडीचा' म्हणून बाजूला पडलेल्या घोड्यात पल्ल्याचं सोनं सापडू शकतं. उंचीचंही तसंच. उंच घोडा फोटोत छान दिसतो, एवढंच.

छातीवर हात

आता मुद्द्याची गोष्ट. यासाठी शे-दोनशे रुपयांपासून मिळणारा साधा स्टेथोस्कोप आणि घड्याळ लागतं. डाव्या बाजूला, पुढच्या पायाच्या कोपराच्या जरा मागं, तंगाच्या, म्हणजे खोगिराच्या पोटपट्ट्याच्या, जागेवर तो ठेवायचा. लब-डब मिळून एक ठोका. पंधरा सेकंद मोजायचं, चारनं गुणायचं. स्टेथोस्कोप नसेल तर जबड्याच्या हाडाखालून बोट फिरवा, दोरीएवढी एक नस बोटाखाली सरकते, तिच्यावर हलका दाब देऊन मोजता येतं.

शांत उभ्या घोड्याचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ असतात. बाजारातल्या गोंगाटात ते थोडे जास्तच येणार, म्हणून शक्य तर घोडा मालकाच्या घरी, त्याच्या नेहमीच्या तबेल्यात सकाळी बघावा.

मग रपेट. इथंच विकणारा कुरकुर करतो.

"काका, तासभर घेऊन जातो."

"तासभर कशाला दादा? दोन चकरा मारा की. चाल कळंल लगेच."

"चाल आवडलीच. आता बाकीचं बघतो."

या 'बाकीचं'ला काका नाही म्हणाले, तर घरी जावं.

तासभरात आठ-दहा किलोमीटर, त्यात थोडा चढ, असं करून या. उतरल्या उतरल्या ठोके मोजा. समजा १२० आले. तंग सैल करा, सावलीत उभं करा, हळू फिरवा. दोन मिनिटांनी मोजा, पाचला मोजा, दहाला मोजा, पंधराला मोजा, आणि आकडे लिहून ठेवा. तयार घोड्याचे ठोके पहिल्या दोन मिनिटांतच झपकन उतरतात आणि दहा मिनिटांत ६४ च्या खाली येतात. तयारी नसलेला घोडा एवढा लवकर येणार नाही, आणि विक्रीचे बहुतेक घोडे तयारीचे नसतात. पण पंधरा मिनिटांनी तो ६० ते ७० मध्ये आला आणि आकडे सारखे उतरत राहिले, तर कच्चा माल चांगला आहे. वीस मिनिटांनीही ८०-९० वर अडकला असेल तर तो आजारी आहे, कुठंतरी दुखतंय किंवा या कामाचा नाही. तिन्ही बाबतींत उत्तर तेच.

त्यानंतर आणखी एक चाचणी, जी स्पर्धेतले पशुवैद्य करतात. ठोके मोजायचे. मग घोड्याला हातात धरून साधारण चाळीस मीटर पळवत न्यायचं आणि परत आणायचं. निघाल्यापासून बरोबर एक मिनिटानं पुन्हा मोजायचं. आकडा पहिल्याइतकाच किंवा कमी आला तर आत सगळं ठीक. चार-पाचनं किंवा जास्त वाढला तर शरीर थकलंय, फक्त वरून दिसत नाही.

श्वासही बघा. नाकपुड्या किंवा कुशी हलताना मोजायच्या. कधी कधी श्वासांची संख्या ठोक्यांच्याही वर जाते. घोडा त्या वेळी हवा कमी पडते म्हणून धापा टाकत नसतो, तो अंगातली उष्णता बाहेर फेकत असतो. असं दिसलं तर पाण्यानं अंग ओलं करून बघा, किती लवकर निवळतो ते.

उष्णता, मीठ आणि आपली हवा

कोल्हापूरकरांना हे पटकन कळेल. तालमीतला भरदार पैलवान आणि दर पौर्णिमेला जोतिबाला पायी जाणारा सुकट म्हातारा शेजारी उभे केले तर रुबाब पैलवानाचा, पण डोंगर चढून वर आल्यावर गप्पा मारत बसलेला दिसतो तो म्हातारा. घोड्यातही लांब, चपट्या, दोरखंडी स्नायूंचा घोडा पल्ल्याला चांगला. गोल, फुगीर स्नायूंत उष्णता साठते आणि बाहेर पडायला वेळ लागतो. पातळ कातडी, काम केल्यावर अंगावर उमटणाऱ्या शिरा, मोठ्या नाकपुड्या ही चांगली लक्षणं. बाजारात आणण्याआधी खाऊ घालून गुबगुबीत केलेल्या घोड्याच्या बरगड्या हाताला लागत नाहीत. बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवला की लागाव्यात.

घामाचं शास्त्र जरा समजून घ्या. कडक उन्हात मेहनत करणारा घोडा तासाला दहा-पंधरा लिटरपर्यंत घाम गाळू शकतो. आपला घाम रक्तापेक्षा कमी खारट असतो, म्हणून घाम गेला की रक्त खारट होतं आणि तहान लागते. घोड्याच्या घामात मीठ रक्ताइतकंच किंवा थोडं जास्तच असतं. पाणी आणि मीठ बरोबरीनं जातं, रक्ताचा खारटपणा फारसा बदलत नाही, आणि मेंदूला तहानेचा निरोपच मिळत नाही. कोरडा पडलेला घोडा समोर बादली असून तोंड फिरवतो, त्याचं कारण हे. म्हणून वाटेत अनोळखी बादलीतून, ओढ्यातून, कशातूनही पाणी पिणारा घोडा फार मोलाचा. रपेटीनंतर त्याच्यापुढं पाणी ठेवा आणि लगेच पितो का बघा. ही चाचणी फुकट आहे आणि कुणी करत नाही.

आपल्याकडे दमटपणाचा जाच आहे. मारवाडच्या कोरड्या हवेत घाम उडून जातो आणि अंग थंड होतं. इथं ऑक्टोबरच्या उकाड्यात किंवा वळवानंतर घाम नुसता ठिबकतो. एक ठोकताळा वापरतात तो असा. फॅरेनहाइटमधलं तापमान आणि हवेतल्या आर्द्रतेचा टक्का यांची बेरीज करा. १३० च्या आत असेल तर काळजी नाही, १५० च्या वर जपून, १८० च्या वर घोडा बाहेर काढू नये. समजा पारा ३२ अंश सेल्सिअस, म्हणजे ९० फॅरेनहाइट, आणि आर्द्रता ७० टक्के. बेरीज १६०. राजस्थानातून आणलेल्या घोड्याला या हवेची सवय व्हायला काही आठवडे द्यावे लागतात. आल्या आठवड्यात त्याला पन्हाळ्याला पळवणारे महाभाग आहेत.

वजन आणि पाय

बसणारा अधिक खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत असावं, हा सर्वसाधारण दंडक. घोडा काट्यावर चढवायची सोय नसते, पण टेप असते. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर घ्या, आणि खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी घ्या, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८७७. घेर १७० आणि लांबी १६० असेल तर वजन येतं ३८९ किलो. पाचवा हिस्सा ७८ किलो. दहा किलोचं खोगीर गेलं की बसणाऱ्याला उरले ६८. तांबडा-पांढरा ओरपून ऐंशी गाठलेल्यांनी आधी स्वतःचं काय ते बघावं, नाहीतर मोठ्या हाडाचा घोडा शोधावा.

हाड म्हणजे पुढच्या पायाची गुडघ्याखालची नळी. तिचा घेर मोजा. साडेचारशे किलोच्या घोड्याला निदान सात इंच असावा, असा जुन्या लोकांचा हिशोब आहे. नळी बारीक आणि वर ऐटबाज धड, हे बाजारात नेहमी दिसणारं चित्र.

खुरांवर मात्र वेळ घालवा. चारही उचलून बघा. घोडा खूर देत नसेल तर नालबंदाशी त्याचं काय नातं आहे ते तिथंच कळतं. भिंतीला उभ्या चिरा नकोत, टाच दबलेली नको, डावा-उजवा सारखा हवा. तळव्यातला त्रिकोणी मऊ भाग दाबून बघा आणि वास घ्या. काळा, घाण वासाचा चिकट पदार्थ निघाला तर तिथं कूज सुरू आहे. कोरड्या मुलखातून आलेल्या घोड्याला आपल्या पावसात हे फार लवकर होतं. गगनबावड्याच्या बाजूला राहत असाल तर पावसाळ्याचे चार महिने तबेला कोरडा ठेवणं हीच खरी परीक्षा. शिरोळकडच्या काळ्या रानात चिखल खुरात गच्च बसतो, तिथं रोज खूर साफ करणारा माणूस हवा.

लगामानं काढलेली चाल

काही ठिकाणी चाल 'काढतात'. तोंडात काटेरी लगाम, मान वर ताणलेली, बसणारा थेट कमरेवर मागं सरकून बसलेला. घोडा दुखण्यापासून पळायला मान वर टाकतो, पाठ खाली दाबतो आणि त्या पवित्र्यात त्याचे पाय आपोआप बाजूच्या जोडीनं पडायला लागतात. दिसायला रुबाबदार, आतून पाठीचं वाटोळं. अशा पाठीवर पन्नास किलोमीटर वजन ठेवलं की स्नायू आखडतात आणि पुढच्या आठवड्यात घोडा खोगीर बघून कान पाडतो. भारवाहू जनावरांसाठीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांत काटेरी लगामाला बंदी आहे, तरी जत्रांत तो सर्रास विकायला असतो.

तपासायचं कसं? जिभेवर आणि ओठांच्या कोपऱ्यांत जुने वण आहेत का बघा. रपेटीनंतर खोगीर काढून पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं दाबत मागं न्या. घोडा पाठ चोरून खाली बसवत असेल तर दुखतंय. स्वतःचा साधा, गुळगुळीत लगाम घेऊन जा आणि तो घालून चालवा. चाल टिकली तर ती घोड्याची.

चालीच्या घोड्याची एक अडचण स्पर्धेत उभी राहते. लंगडणं सगळ्यात स्पष्ट दिसतं ते दुडकीत, कारण दोन-दोन पाय जोडीनं पडतात आणि दुखऱ्या पायावर भार आला की डोकं वर झटकतं. रेवालमध्ये एक पाय कायम जमिनीवर असल्यानं बारीक लंगड लपते. काही चालींत तर डोकं मुळातच तालात हलतं, आणि सवय नसलेल्या डॉक्टरला ते लंगडणं वाटू शकतं. म्हणून घेताना घोडा हातात धरून दुडकी जातो का बघा, आणि नसेल जात तर घरी आणून शिकवा. सपाट, कठीण जमिनीवर, दोर सैल ठेवून.

आपल्या रस्त्यांची म्हणून एक वेगळी चाचणी आहे. शिवाजी पूल ओलांडून आंबेवाडी, केर्लीवरून वाघबीळकडे सकाळी निघालात की गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर भेटतात, वर फुल्ल आवाजात गाणी. जो घोडा त्याला घाबरून बाजूच्या चरीत उतरतो, त्याचे ठोके कितीही लवकर उतरोत, तुमचे उतरणार नाहीत.

वय, कागद, विसार

दात बघणारा माणूस बरोबर न्या. पाच वर्षांचा होईपर्यंत दुधाचे दात जाऊन पुढचे सगळे पक्के येतात. वरच्या कडेच्या दातावर हिरडीपासून निघणारी तपकिरी उभी खाच दिसायला लागली की घोडा दहाच्या आसपास असतो. ती अर्ध्यावर आली की पंधरा. पाठीच्या मणक्यांची वाढ साडेपाच-सहा वर्षांपर्यंत चालू असते, म्हणून चार वर्षांच्या घोड्याला हलकी रपेट ठीक, लांब पल्ला नको. टेव्हिसमध्येही सहाच्या आतला घोडा घेत नाहीत. मला विचाराल तर सात ते दहा वर्षांचा, फिरलेला, डोक्यानं शांत घोडा पहिल्यांदा घेणाऱ्याला बरा. तीन वर्षांचं चमकदार शिंगरू घेऊन 'आपण घडवू' म्हणणं सोपं असतं.

ग्लँडर्सच्या चाचणीचा कागद मागा. हा जिवाणूजन्य रोग घोड्यातून माणसाला होतो, त्याची खबर सरकारला देणं २००९ च्या कायद्यानं बंधनकारक आहे आणि घोडा बाधित निघाला तर त्याला वाचवता येत नाही. रक्ताचा नमुना स्थानिक पशुवैद्यकीय अधिकाऱ्यामार्फत जातो, तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी होते. त्याच नमुन्यावर सर्राचीही तपासणी करून घ्या. डासांपेक्षा मोठ्या चावऱ्या माश्यांतून पसरणारा हा रोग घोड्याला आतून पोखरतो, अधूनमधून ताप येतो, आणि वरून घोडा नुसता 'जरा सुस्त' वाटतो. बाजारात जमलेल्या शेकडो घोड्यांत मिसळलेलं जनावर घरी आणलं की आधीच्या घोड्यांपासून लांब बांधा, बादली आणि तोबराही वेगळा ठेवा.

विसार देताना कागदावर लिहून घ्या की अहवाल चांगला आला तरच सौदा पक्का, नाहीतर विसार परत. यावर बाजारात हसतात. हसू द्या. आणि घोडा गाडीत चढवायच्या आधी मालकाला विचारून घ्या की चंदी, म्हणजे दाणा-खुराक, काय, किती आणि किती वाजता देत होता. तीच चंदी पहिले आठ-दहा दिवस द्यायची आणि हळूहळू आपल्यावर आणायची. प्रवास, नवं पाणी आणि एकदम बदललेला खुराक या तिन्ही गोष्टी एका दिवशी झाल्या की पोटशूळ ठरलेला, आणि रात्री दोन वाजता घोड्याचा डॉक्टर शोधणं आपल्या जिल्ह्यातही सोपं नाही.